उपदेशाकडून अनुभवाकडे : उच्च प्राथमिक वर्गांतील मराठी ललित गद्याच्या अध्यापनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मातृभाषेचे पाठ्यपुस्तक हे केवळ भाषा शिकविण्याचे साधन नसते. कोणाचे जीवन वाचनीय मानावयाचे, कोणाचा अनुभव विद्यार्थ्यांसमोर ठेवावयाचा आणि त्यातून कोणता अर्थ काढावयाचा, याविषयीचे एका काळाचे मत त्यात नोंदविलेले असते. मराठी पाठ्यपुस्तकांतील कविता व कथा यांविषयी बरेच लेखन झालेले आहे. त्या मानाने आत्मकथन, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन, पत्र, निबंध या प्रकारांच्या शालेय अध्यापनाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः पाचवी ते आठवीच्या वयात, म्हणजे साधारणतः दहा ते चौदा वर्षांच्या काळात, मुलाचे मन कल्पित गोष्टीकडून प्रत्यक्ष जगाकडे वळू लागते. 'हे खरेच घडले होते का?' हा प्रश्न याच वयात प्रथम गांभीर्याने विचारला जातो. या प्रश्नाला मराठी वर्गाने गेल्या दोनशे वर्षांत काय उत्तर दिले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे

१. मराठी शालेय वाचनपुस्तकांतील वास्तवाधिष्ठित गद्याच्या वाटचालीचे प्रमुख टप्पे पाहणे.
२. या गद्यात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अनुभवाला कोणते स्थान मिळाले, याचा विचार करणे.
३. या इतिहासाच्या आधारे उच्च प्राथमिक स्तरावरील अध्यापनासाठी काही दिशा सुचविणे.

संज्ञा व व्याप्ती

'ललित गद्य' ही संज्ञा मराठीत कधी संकुचित, तर कधी व्यापक अर्थाने वापरली जाते. संकुचित अर्थाने ती ललित निबंधापुरती मर्यादित राहते. प्रस्तुत निबंधात ती व्यापक अर्थाने योजिली आहे. घडलेल्या गोष्टी, प्रत्यक्ष माणसे, पाहिलेली स्थळे व स्वतःचे विचार यांवर आधारलेले, परंतु वाङ्मयीन गुणांनी युक्त असे लेखन येथे अभिप्रेत आहे. केवळ माहिती देणारा पाठ या व्याप्तीत येत नाही, तसेच पूर्णतः कल्पित कथाही येत नाही. या लेखनाचे वैशिष्ट्य असे की, लेखक आपल्या शब्दांची जबाबदारी दोन अंगांनी घेतो. एक सत्याची आणि दुसरी शैलीची. अध्यापनातही ही दोन्ही अंगे विचारात घ्यावी लागतात.

ग्रंथनिर्मितीचा प्रारंभ आणि उपदेशपर गद्य

मुंबई इलाख्यात आधुनिक शालेय पुस्तकांच्या निर्मितीला १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीपासून चालना मिळाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या या कार्यात जॉर्ज जर्व्हिस यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचा व अनेक एतद्देशीय पंडितांचा सहभाग होता. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' हे पुस्तक १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ फ्रेंच लेखक बेर्कँ यांच्या बालवाङ्मयाच्या इंग्रजी अवतारावरून ते सिद्ध झाले होते. छत्रे यांनीच इसापच्या नीतिकथाही मराठीत आणल्या. मराठी मुलाच्या हाती पडलेले आरंभीचे शालेय गद्य असे परदेशी घरांतील, परदेशी मुलांचे आणि नीतिबोधासाठी रचलेले होते. छत्रे यांचे मराठी सुबोध होते आणि त्यांच्या कार्याचे मोल मोठे आहे; परंतु त्या पुस्तकांतील मुलगा पुण्याच्या वा सातारच्या वाड्यावस्तीत भेटणारा नव्हता.

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर शिक्षणखाते अस्तित्वात आले आणि क्रमिक पुस्तकांची रचना अधिक पद्धतशीर झाली. या कामावर मेजर थॉमस कँडी यांचा ठसा उमटला. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यात सहभागी असलेले आणि मराठीत विरामचिन्हांचा वापर रुजविणारे कँडी हे सरकारी भाषांतरकार होते. शालेय पुस्तकांची भाषा प्रमाणित व एकसारखी करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे जाते. या प्रमाणीकरणामुळे इलाखाभर एक लेखनव्यवस्था उपलब्ध झाली, हा लाभ नाकारता येणार नाही. तथापि तिच्याबरोबर एक अध्यापनदृष्टीही आली. पाठ हा बोधासाठी असतो, बोध पाठाच्या अखेरीस सांगावयाचा असतो आणि विद्यार्थ्याने तो उचलून पाठ करावयाचा असतो, ही ती दृष्टी होय. या चौकटीत गद्य कोणी लिहिले आणि त्याला ते कसे कळले, हे प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते.

मुक्ताबाईचा निबंध : एक वेगळा प्रारंभबिंदू

याच काळात, याच पुणे शहरात, या चौकटीबाहेरची एक घटना घडली. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तो १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. निबंध लिहिला तेव्हाच्या तिच्या वयाबाबत अकरा व चौदा असे दोन्ही उल्लेख आढळतात. यांपैकी कोणतेही वय ग्राह्य धरले, तरी ती आजच्या उच्च प्राथमिक टप्प्यातीलच विद्यार्थिनी ठरते.

हा निबंध दलित स्त्रीलेखनाचा आरंभ म्हणून सुपरिचित आहे आणि ते त्याचे योग्य स्थान आहे. परंतु शालेय गद्याच्या इतिहासातही त्याचा विचार व्हावयास हवा. त्यात तीन प्रकारची सामग्री एकत्र आलेली दिसते. पहिली युक्तिवादाची : वेदांवर अधिकार केवळ ब्राह्मणांचा असेल, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोख आहे. दुसरी समाजाच्या स्मृतीची : पेशवाईत अस्पृश्यांवर झालेल्या अत्याचारांच्या, आपल्या लोकांत सांगितल्या जाणाऱ्या हकिकती ती नोंदविते. तिसरी निकटच्या निरीक्षणाची : प्रसूतीच्या वेळी डोक्यावर छप्परही नसलेल्या स्त्रियांचे हाल ती मांडते. अखेरीस ज्ञान हेच दुःखावरील औषध आहे, असे ती आपल्या बांधवांना सांगते. म्हणजे येथेही बोध आहे. मात्र तो बाहेरून चिकटविलेला नाही. सांगितलेल्या दुःखातूनच तो उगवला आहे.

या संदर्भात एक योगायोग लक्षणीय आहे. १८५२ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात जोतीराव फुले यांचा शिक्षणकार्याबद्दल सरकारतर्फे सत्कार झाला, तो मेजर कँडी यांच्या हस्ते. क्रमिक गद्याला शिस्त लावणारा अधिकारी आणि विद्यार्थिनीला स्वतःच्या समाजाविषयी लिहिण्याचे बळ देणारी शाळा एकमेकांना अपरिचित नव्हती. तरीही एका विद्यार्थिनीने साक्षीदाराच्या भूमिकेतून लिहिलेल्या गद्याने क्रमिक पुस्तकांची परंपरा घडविली नाही. ती घडली ती बोधपर पाठांनीच. मुलाला वाचक व श्रोता मानावयाचे, साक्षीदार मानावयाचे नाही, हा निर्णय कोणत्याही ठरावाने झाला नव्हता. परंतु तो दीर्घकाळ टिकला.

निबंध, आत्मकथन आणि वाचनमाला

१८७४ ते १८८१ या काळात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या 'निबंधमाले'ने मराठी गद्याला नवा आत्मविश्वास दिला. भाषेच्या तत्कालीन स्थितीची चिकित्सा त्यांनी आरंभीच केली. त्यांच्या प्रभावामुळे निबंध हा मराठी शिक्षणातील प्रतिष्ठित प्रकार बनला. मात्र शाळेत आलेला निबंध हा वक्तृत्वपूर्ण, सर्वसामान्य विधाने करणारा व विषयाच्या दोन्ही बाजू मांडून निर्णय देणारा होता. बाराव्या वर्षीच्या मुलाकडून प्रौढ वक्त्याचा आवाज अपेक्षिला जाऊ लागला. आजही अनेक वर्गांत आढळणाऱ्या साचेबंद निबंधाचे एक मूळ येथे शोधता येते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात हे चित्र पालटू लागले. ना. सी. फडके, अनंत काणेकर, वि. स. खांडेकर यांच्या लघुनिबंधांमुळे 'मी' हा शब्द मराठी गद्यात मोकळेपणाने वावरू लागला. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' भागशः प्रसिद्ध झाली आणि औपचारिक शिक्षण नसलेल्या स्त्रीची बोलभाषा श्रेष्ठ गद्य ठरू शकते, हे सिद्ध झाले. वि. द. घाटे यांचे 'काही म्हातारे व एक म्हातारी' हे व्यक्तिचित्रांचे पुस्तक १९३९ चे. घाटे स्वतः शिक्षणक्षेत्रातील होते आणि प्र. के. अत्रे यांच्यासमवेत त्यांनी 'नवयुग वाचनमाला' संपादिली. लंडन येथे अध्यापनशास्त्राचे शिक्षण घेतलेले व पुण्यात मुख्याध्यापकपद सांभाळलेले अत्रे आणि ललित गद्याचे मर्म जाणणारे घाटे यांच्या सहकार्यामुळे मराठी मुलाला समकालीन, रसपूर्ण मराठी वर्गात वाचावयास मिळाले. पाठ हा मुलाला आवडला पाहिजे, ही गोष्ट अध्यापनाचे तत्त्व म्हणून मान्य होण्यात या वाचनमालेचा वाटा मोठा आहे.

याच काळातील साने गुरुजींचे कार्य स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये अध्यापन करीत असताना त्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालविले. पाठ्यपुस्तकात नसलेले, रोजच्या सहजीवनातून निघालेले गद्य मुले दररोज वाचीत होती. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली व १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या पुस्तकाची रचना बेचाळीस रात्रींची आहे. श्याम आश्रमातील मित्रांना दररोज रात्री एक आठवण सांगतो. एकाने सांगावे, इतरांनी ऐकावे, ही रचना मुळातच वर्गाच्या जवळची आहे. या पुस्तकाचे भावनिक सामर्थ्य सर्वमान्य आहे. परंतु शाळेत त्याचे अध्यापन बहुधा मातृप्रेमाचा बोध म्हणूनच झाले. सांगणारा सत्याशी किती प्रामाणिक आहे, पांडुरंग सदाशिव साने यांनी स्वतःला 'श्याम' हे नाव का दिले असावे, हे प्रश्न मागे राहिले.

बालभारती आणि विस्तारलेले अनुभवविश्व

२७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच 'बालभारती'ची स्थापना पुण्यात झाली. खाजगी वाचनमालांच्या जागी राज्यभर एक पुस्तक पोहोचण्याची व्यवस्था झाली. १९७१ मध्ये याच संस्थेने 'किशोर' मासिक सुरू केले व उच्च प्राथमिक वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे दर्जेदार वाचन स्वस्तात मिळू लागले. एकच पुस्तक सर्वांसाठी असण्याचे लाभ व मर्यादा दोन्ही होत्या. गडचिरोलीच्या व सिंधुदुर्गाच्या मुलाने एकच पाठ वाचणे ही समतेची गोष्ट होती. परंतु त्या पाठात या दोघांपैकी कोणाचे जग असेल, हा प्रश्न अधिक तीव्र झाला.

साहित्यात मात्र या प्रश्नाचे उत्तर तयार होत होते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'माणदेशी माणसं' या १९४९ च्या पुस्तकाने दुष्काळी मुलखातील सामान्य माणसांना व्यक्तिचित्राचा विषय केले होते. १९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं', १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' प्रसिद्ध झाले. शांताबाई कांबळे यांची 'माझ्या जल्माची चित्तरकथा' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आली. शांताबाई स्वतः सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होत्या, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. या आत्मकथनांत शाळा हे केवळ पार्श्वभूमीचे स्थळ नाही. कोणी कोठे बसावयाचे, पाणी कसे प्यावयाचे, पाटी-पुस्तक कोठून आणावयाचे, यांविषयीचा संघर्ष त्यांत आहे. मुक्ताबाईने १८५५ मध्ये ज्या साक्षीचा आरंभ केला, ती सव्वाशे वर्षांनंतर प्रौढांच्या लेखणीतून मराठी साहित्याच्या मध्यभागी आली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

अशा लेखनाचे वेचे शालेय स्तरावर निवडताना संपादकांपुढे खऱ्या अडचणी असतात. वय, भाषा, प्रसंगाची तीव्रता आणि पृष्ठसंख्या यांचा विचार करावा लागतो. परंतु वेचा काढताना अनुभवातील दाह काढून केवळ 'कष्टातून यश' एवढाच आशय ठेवला, तर ते गद्य पुन्हा उपदेशपर पाठाच्या चौकटीत जाऊन बसते. कँडीकालीन पाठ व असा संक्षिप्त वेचा यांत मग फारसे अंतर राहत नाही.

अध्यापनाचा प्रश्न

वरील आढाव्यातून एक विसंगती स्पष्ट होते. पुस्तके बदलली, लेखक बदलले, भाषा बदलली. परंतु पाठाखालील प्रश्न त्या प्रमाणात बदलले नाहीत. 'एका वाक्यात उत्तरे लिहा', 'कोण कोणास म्हणाले', 'या पाठातून कोणता बोध मिळतो' हे प्रश्न नीतिकथेला जसे लागू पडतात, तसेच ते आत्मकथनालाही लावले गेले. त्यामुळे दोन्ही प्रकार विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एकच ठरले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला. ऑगस्ट २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि २०१२ च्या प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रमानंतर स्वमत, चर्चा, प्रकल्प अशा कृतींना पुस्तकांत जागा मिळाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि बाजारातील मार्गदर्शकांत 'स्वमत'ही तयार मिळत असेल, तर केवळ प्रश्नाचे नाव बदलून दृष्टी बदलत नाही, हे मान्य करावे लागते.

उदाहरणादाखल श्यामच्या बंधुप्रेमाचा प्रसंग घेता येईल. शिक्षणासाठी घरापासून दूर राहणारा श्याम खाऊचे पैसे साठवितो, धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेश चतुर्थीला तो घरी घेऊन जातो. 'श्यामने कोट कशासाठी शिवला?' या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात संपते. परंतु नवा कोट ही त्या घरात एवढी मोठी गोष्ट का होती, पैसे साठविण्यास किती काळ लागला असेल, प्रौढपणी ही आठवण सांगताना लेखकाने नेमके कोणते तपशील जपले, हे विचारले की विद्यार्थी एकाच वेळी घराची आर्थिक स्थिती, कोकणातील तत्कालीन जीवन आणि आठवणीचे स्वरूप यांकडे वळतो. येथे भाषेचा तास व इतिहासाचा तास एकमेकांना भेटतात.

हीच गोष्ट गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाबाबत म्हणता येईल. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या या वरसईच्या भिक्षुकाचे प्रवासवर्णन १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकाने स्वतः काय पाहिले, इतरांकडून काय ऐकले आणि अनेक वर्षांनी लिहिताना काय विसरले असेल, हे वेगवेगळे करणे सातवीच्या विद्यार्थ्यालाही योग्य मार्गदर्शनाने जमू शकते. साधनांची चिकित्सा म्हणून जी गोष्ट पदव्युत्तर वर्गात शिकविली जाते, तिचे बीज येथेच पेरता येते.

यादृष्टीने कोणत्याही वास्तवाधिष्ठित गद्यपाठाला तीन प्रश्न विचारता येतील. हे सांगणारा कोण आहे? त्याला हे कसे कळले? त्याने ते अशाच शब्दांत का सांगितले? पहिला प्रश्न समाजाकडे, दुसरा सत्याकडे आणि तिसरा शैलीकडे नेतो. बोधाचा प्रश्न या तिन्हींनंतर आल्यास तो विद्यार्थ्याचा स्वतःचा असतो.

वाचनाची ही रीत लेखनापर्यंत जावयास हवी. 'माझी आई' या विषयावरील चाळीस निबंध एकसारखे निघतात, तेव्हा चाळीस माता एकसारख्या नसतात. निबंधाचा साचा एक असतो. त्याऐवजी आईच्या हातातील एखादे काम, घरातील एखादी वस्तू, शाळेच्या वाटेवरचा एखादा माणूस असा लहान व पाहता येण्याजोगा विषय दिल्यास विद्यार्थ्याला स्वतःचे वाक्य सापडते. कोल्हापुरात १९८५ मध्ये लीला पाटील यांनी सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, ही या दिशेची मराठीतील महत्त्वाची खूण आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनुभव लिहावयास सांगणे हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत निरुपद्रवी नसते. ज्या घरात आई नाही, ज्या घराचा व्यवसाय सांगताच वर्गात हशा पिकतो, ज्याचे आडनाव उच्चारताच नजरा वळतात, त्या मुलाला 'मोकळेपणाने लिहा' ही सूचना शिक्षेसारखी वाटू शकते. विषयाची निवड विद्यार्थ्याकडे असावी, लेखन जाहीरपणे वाचून दाखविण्याची सक्ती नसावी आणि बोलीतील शब्दाला प्रथमतः चूक ठरवू नये, ही किमान पथ्ये शिक्षकाने पाळली पाहिजेत. मुक्ताबाई लिहू शकली, कारण तिच्या लेखनाचा अपमान होणार नाही अशी शाळा तिला लाभली होती.

निष्कर्ष

१. मराठी शालेय गद्याचा आरंभ भाषांतरित व नीतिपर लेखनाने झाला आणि बोध काढून घेण्याची अध्यापनरीत पुस्तके बदलल्यानंतरही टिकून राहिली.
२. मुक्ताबाईचा १८५५ चा निबंध हा विद्यार्थ्याच्या साक्षीवर आधारलेल्या गद्याचा लक्षणीय आरंभ होता. परंतु क्रमिक पुस्तकांच्या परंपरेने ती वाट अनुसरली नाही.
३. १९३० च्या दशकातील वाचनमालांनी शालेय गद्यात रस आणला, तर १९७८ नंतरच्या आत्मकथनांनी मराठी गद्याचे अनुभवविश्व विस्तारले.
४. पाठ्यवेच्यांच्या निवडीइतकेच पाठाखालील प्रश्नांचे स्वरूप निर्णायक आहे.
५. अध्यापक विद्यालयांत व अध्यापन महाविद्यालयांत मराठी आणि इतिहास या विषयांच्या पद्धतींचा समन्वय साधून अशा गद्याच्या अध्यापनाचा स्वतंत्र विचार होणे गरजेचे आहे.

समारोप

महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी स्वतःचे मत लिहू शकत नाही, ही प्राध्यापकवर्गाची नेहमीची तक्रार असते. या तक्रारीचे उत्तर पदवीच्या प्रथम वर्षात सापडणार नाही. बाराव्या वर्षी त्याच्यापुढे आलेल्या खऱ्या माणसाच्या खऱ्या शब्दांचे त्या वेळी काय झाले, यात ते दडलेले आहे. ते शब्द उत्तरपत्रिकेतील एका वाक्यात संपले असतील, तर त्याने स्वतःविषयीही एका वाक्यापलीकडे लिहावे, अशी अपेक्षा करता येत नाही. मुक्ताबाईच्या वयाची मुले आजही शाळांत शिकत आहेत. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काय आहे, हे विचारणे हे उच्च प्राथमिक मराठीच्या अध्यापनाचे काम आहे, आणि ते कसे विचारावे, याची तयारी शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयांनी करून द्यावयाची आहे.